एक अर्भक आणि एकशेवीस मुले : औषधी गांजाचा पुरावा आणि परवानगी

‘गांजा हे औषध आहे की विष?’ हा प्रश्न वरच्या वर्गांत आता वारंवार येतो. विचारणाऱ्या मुलाने कुठेतरी वाचलेले असते की इंग्लंड, कॅनडा, जर्मनी या देशांत डॉक्टर चिठ्ठीवर गांजा लिहून देतात. आणि त्याच आठवड्यात दोन पोती गांजा पकडल्याची बातमीही त्याने पाहिलेली असते. शिक्षकाने ‘विष’ असे उत्तर दिले तर पहिली माहिती खोटी ठरते, ‘औषध’ म्हटले तर दुसरी. शिवाय दोन्ही उत्तरांनी चर्चा तिथेच थांबते. त्यापेक्षा एक जुना निबंध उघडावा आणि तो कसा वाचायचा, त्यातले काय घ्यायचे नि काय सोडायचे, हे मुलांबरोबर ठरवावे असे मला वाटते. निबंध आपल्याच देशात लिहिलेला आहे. वर्ष १८३९, गाव कलकत्ता, लेखक विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

ओशॉनेसी हा आयर्लंडमधला डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ. पटकीच्या रोग्याच्या रक्तातले पाणी आणि क्षार कमी होतात हे त्याने १८३१-३२ च्या साथीत पृथक्करण करून दाखवले होते. आज शिरेतून सलाइन देतात त्याचे मूळ तिथे आहे. पुढे तो कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८५० नंतर याच माणसाने हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकल्या. असा चौफेर माणूस गांजाकडे वळला तेव्हा त्याने आधी इथल्या जाणकारांना विचारले. संस्कृत ग्रंथांतले संदर्भ त्याला मधुसूदन गुप्त आणि कमलाकांत विद्यालंकार या पंडितांनी दिले, फारसी आणि युनानी माहिती हकिमांकडून मिळाली, आणि निबंधात त्याने हे ऋण नावानिशी मान्य केले आहे. त्या काळच्या साहेबाच्या हिशेबाने ही गोष्ट लहान नाही.

नंतर प्रयोग. आधी प्राण्यांवर, आणि मग रुग्णालयातल्या माणसांवर. गांजाचे, म्हणजे मादी झाडाच्या फुलोऱ्याचे वाळलेले शेंडे मद्यार्कात उकळून त्याने राळ काढली आणि ती मोजून दिली. संधिवाताच्या एका रोग्याला दुपारी दोन वाजता एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम राळ दिली. चार वाजता तो माणूस खूप बोलू लागला, गाऊ लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत बरे झालो असे सांगू लागला. सहा वाजता झोपला. आठ वाजता तो बेशुद्ध आढळला. श्वास मात्र अगदी नियमित चालू होता. डॉक्टरने सहज त्याचा हात वर उचलला, तर तो तसाच अधांतरी राहिला. हाताला-पायाला जशी ठेवण द्यावी तशी ती टिकत होती. ओशॉनेसीने घाबरून जाऊन ही हकीगत लपवली नाही. मात्रा कमी केली आणि सगळे लिहून ठेवले. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या रोग्याला ही राळ दिल्यावर त्याला घोट गिळता येऊ लागला, यातना कमी झाल्या, पण तो मेला. तेही त्याने तितक्याच स्पष्टपणे लिहिले. धनुर्वाताचे रोगी, पटकीचे रोगी यांच्या नोंदी आहेत. त्याच्या एका लाजाळू विद्यार्थ्याने आपणहून औषध घेतले आणि थोड्याच वेळात तो राजा होऊन काल्पनिक दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला, हाही प्रसंग आहे. मुलांना हा भाग हमखास आवडतो.

निबंधातली सर्वांत महत्त्वाची नोंद एका अर्भकाची आहे. कलकत्त्यातल्या एका गोऱ्या कुटुंबातली सुमारे चाळीस दिवसांची मुलगी. तिला झटके येऊ लागले, त्या काळचे उपाय करून झाले, झटके वाढत गेले. शेवटी ओशॉनेसीने गांजाच्या अर्काचे थेंब दिले. झटके थांबले, पुन्हा आले, मात्रा वाढवावी लागली, काही दिवसांनी पूर्ण थांबले. डिसेंबरात मुलगी बाळसेदार आणि आनंदी होती. यावरून त्याने निष्कर्ष काढला की वैद्यकाला झटके थांबवणारे एक मोठ्या मोलाचे औषध लाभले आहे.

इथे थांबावे आणि वर्गाला विचारावे, हा निष्कर्ष या पुराव्यावर उभा राहतो का? बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील, कारण गोष्ट चांगली संपली आहे. मग दुसरा प्रश्न विचारावा. औषध दिले नसते तर त्या मुलीचे काय झाले असते? याचे उत्तर ओशॉनेसीजवळ नाही, आणि असणेही शक्य नव्हते, कारण मुलगी एकच होती. तान्ह्या बाळांच्या झटक्यांचे काही प्रकार काही आठवड्यांत आपोआप थांबतात. शिवाय झटके सर्वांत वाईट असतात तेव्हाच आईबाप आणि डॉक्टर नवे औषध काढतात; त्यानंतर थोडे बरे वाटण्याची शक्यता औषधाशिवायही असतेच. आणखी एक गोम अशी की सुरुवातीला जी मात्रा पुरली तिच्या कितीतरी पट मात्रा नंतर द्यावी लागली. बाळाच्या शरीराला औषधाची सवय झाली, की नव्या बाटलीतला अर्कच कमी जोराचा होता? निबंधावरून ते सांगता येत नाही. रुग्णालयातल्या गरीब रोग्यांना आपल्यावर काय चालले आहे हे कोणी समजावून सांगितले होते का, हा प्रश्नही निबंध उपस्थित करत नाही. आज तो सर्वांत आधी विचारला जातो.

अर्काच्या जोराचा प्रश्न पुढे या औषधाच्या मुळावर आला. ओशॉनेसीने १८४० च्या सुमारास गांजा लंडनला नेला, तिथल्या औषधविक्यांनी त्याचे अर्क काढून विकले, आणि पन्नास वर्षे युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते वापरले. पण एका बाटलीने रोग्याला काहीच होत नसे आणि दुसऱ्या बाटलीच्या तेवढ्याच थेंबांनी तो गुंगून पडे. अफूचे तसे झाले नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तिच्यातून मॉर्फीन शुद्ध स्वरूपात निघाले आणि मिलिग्रॅमात मोजता येऊ लागले. असा फरक का पडला, हे रसायनाच्या शिक्षकांनी जरूर सांगावे. मॉर्फीनमध्ये नायट्रोजन आहे, ते अल्कधर्मी आहे, आम्लाबरोबर त्याचे क्षार होतात आणि त्या क्षारांचे स्फटिक मिळतात. गांजातली क्रियाशील द्रव्ये तेलकट. त्यांत नायट्रोजन नाही, ती पाण्यात विरघळत नाहीत आणि एकमेकांपासून सहज सुटी होत नाहीत. एकीकडे अ‍ॅस्पिरीन, झोपेची नवी औषधे आणि मॉर्फीनची सुई आली, दुसरीकडे गांजाचा अर्क बेभरवशाचा राहिला. ब्रिटिश औषधसंहितेतून तो १९३२ साली आणि अमेरिकेच्या संहितेतून १९४२ साली वगळला गेला. ‘सरकारांनी बंदी घातली म्हणून हे औषध मेले’ असे अलीकडच्या लिखाणात सरसकट वाचायला मिळते. बंदीचा वाटा आहे, पण बंदी येण्याआधीच डॉक्टरांचा हात आखडला होता, आणि त्याला मोजमापाचे कारण होते.

ते मोजमाप शक्य झाले ते इस्रायलमध्ये. राफाएल मेशुलाम या रसायनशास्त्रज्ञाने १९६० नंतर हा विषय हाती घेतला. गांजा आणायचा कुठून? त्याने पोलिसांकडून जप्तीतला पाच किलो लेबनानी चरस मिळवला आणि सरळ बसमधून प्रयोगशाळेत नेला. नंतर लक्षात आले की आरोग्य खात्याच्या परवानगीशिवाय देणारे पोलीस आणि घेणारा शास्त्रज्ञ दोघांनीही कायदा मोडला होता. ही हकीगत मेशुलाम स्वतःच मजेने सांगत असे. १९६३ साली त्याने कॅनाबिडायॉल म्हणजे सीबीडीची रचना मांडली आणि १९६४ साली येहिएल गाओनीबरोबर टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजे टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. या दोन्हींचे रेणुसूत्र एकच आहे : सी२१ एच३० ओ२. अणू तेच, संख्या तीच. टीएचसीमध्ये ऑक्सिजनला धरून एक जादा वलय मिटलेले आहे, सीबीडीमध्ये ते उघडे आहे. एवढ्या फरकाने एकाची नशा होते, दुसऱ्याची होत नाही. समघटकतेचा धडा शिकवताना ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांच्या जोडीला हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

टीएचसी मेंदूत कुठे बसते ते १९८८ नंतर कळले. चेतापेशींच्या टोकांवर त्याच्यासाठी जणू घडवलेला एक ग्राही आहे. पण आपल्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला असेल? म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणार. १९९२ साली ती सापडली, आणि शोधणाऱ्यांनी संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून तिचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले. संदेश घेणारी पेशी असे पदार्थ तयार करते, ते उलट दिशेने संदेश पाठवणाऱ्या पेशीकडे जातात आणि ‘आता पुरे’ असे सांगून तिचा जोर कमी करतात. श्वसन चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागात हे ग्राही फार थोडे आहेत. कलकत्त्याचा तो रोगी बेशुद्ध होता पण त्याचा श्वास नियमित चालला होता, या नोंदीचा अर्थ असा दीडशे वर्षांनी लागला. अफूच्या अतिमात्रेने श्वास थांबतो, गांजाने सहसा थांबत नाही. सीबीडीची गोष्ट वेगळी. ते या ग्राहीवर फारसे बसतच नाही, आणि ते झटके नेमके कसे कमी करते यावर अजून वाद आहे.

आता दुसरा निबंध. ओरिन डेव्हिन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. ड्रावे नावाचा अपस्माराचा एक दुर्मिळ आणि फार अवघड प्रकार आहे. तो पहिल्या वर्षातच सुरू होतो, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, आणि मुलाची वाढही खुंटते. अशा १२० मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ६१ जणांना शुद्ध सीबीडीचे द्रावण, दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅम. ५९ जणांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण. कोणाला काय मिळते आहे हे आईबापांना माहीत नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. पूर्वीची औषधे सर्वांची चालूच होती. चौदा आठवड्यांत सीबीडीच्या गटात महिन्यातल्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात ती १४.९ होती ती १४.१ झाली.

बहुतेक बातम्या या आकड्यांपाशी थांबल्या. निबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. ज्यांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले, अशी मुले सीबीडीच्या गटात ४३ टक्के होती. पण नकली द्रावण पिणाऱ्यांतही अशी मुले २७ टक्के होती. म्हणजे औषधाचा एक थेंबही न घेता चारांत एकाहून अधिक मुलांचे आईबाप ‘फार गुण आला’ असे सांगू शकले असते, आणि ते खोटे बोलत नसते. कलकत्त्याच्या अर्भकाची गोष्ट या २७ टक्क्यांसमोर ठेवून पाहावी. ओशॉनेसीचा अंदाज बरोबर निघाला, असे पुष्कळजण लिहितात. अंदाज बरोबर निघाला, पुरावा मात्र अपुराच होता. शिवाय त्याच्या राळेत मुख्यतः टीएचसी असणार, आणि २०१७ च्या द्रावणातून ते जवळजवळ काढून टाकलेले होते.

डेव्हिन्स्कींच्या निबंधावरही टीका करता येते, आणि करायला हवी. सीबीडी घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांना काही ना काही त्रास झाला : जुलाब, उलट्या, थकवा, ताप, गुंगी, काहींच्या यकृताच्या तपासण्यांत बिघाड. नकली द्रावणाच्या गटात हे प्रमाण ७५ टक्के होते. गुंगीमुळे एखाद्या आईला आपल्या मुलाला खरे औषध मिळते आहे याचा सुगावा लागला असेल तर ‘कोणालाच माहीत नाही’ ही अट ढिली पडते. अनेक मुले क्लोबाझाम हे दुसरे औषधही घेत होती. सीबीडीमुळे यकृतात त्या औषधाच्या क्रियाशील घटकाचा निचरा मंदावतो आणि रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. मग झालेल्या फायद्यातला किती सीबीडीचा आणि किती वाढलेल्या क्लोबाझामचा? पूर्णपणे झटकेमुक्त झालेली मुले पाच टक्केच होती. हे सगळे निबंधाच्या लेखकांनी दडवलेले नाही. आपण आकडे शेवटपर्यंत वाचत नाही, एवढेच. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे द्रावण मान्य केले.

त्याच महिन्यात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर वेगळा प्रसंग घडला. अपस्माराने आजारी असलेल्या एका मुलासाठी त्याच्या आईने कॅनडाहून आणलेले गांजाचे तेल अधिकाऱ्यांनी जप्त केले. मुलाला झटके येऊन रुग्णालयात ठेवावे लागले. वर्तमानपत्रे पेटली, आणि गृहमंत्री साजिद जाविद यांनी तेल परत देण्याची खास परवानगी दिली. सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी पुराव्याचा आढावा घेतला आणि १ नोव्हेंबर २०१८ पासून ब्रिटनचा नियम बदलला. ‘ब्रिटनमध्ये गांजा कायदेशीर झाला’ हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडेही फिरते आहे. ते अर्धवट आहे. बाळगणे आणि विकणे हा तिथे आजही गुन्हा आहे. बदलले ते एवढेच, की औषध म्हणून तयार केलेले गांजाचे पदार्थ डॉक्टरला लिहून देता येतात. तोही कोणताही डॉक्टर नव्हे, तर विशेषज्ञांच्या नोंदवहीत नाव असलेला. ओढण्यासाठी ते लिहून देता येत नाहीत. नेहमीची मान्यताप्राप्त औषधे आधी वापरून पाहावीत अशी अपेक्षा असते.

आणि तिथेच घोडे अडले. कायद्याने दार उघडले, पण विशेषज्ञांनी विचारले की आम्ही काय लिहून देऊ आणि कशाच्या आधारावर? पुराव्याची छाननी करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ साली मत दिले. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी तोंडात फवारायचे औषध चार आठवडे देऊन पाहावे; कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या आणि इतर उपायांनी न थांबणाऱ्या उलट्यांसाठी नॅबिलोनचा विचार करावा; ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडी क्लोबाझामसह द्यावे; जुनाट वेदनेसाठी टीएचसीची औषधे देऊ नयेत, आणि सीबीडी चाचणीचा भाग म्हणूनच द्यावे. गंमत अशी की अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली साधारण त्याच संशोधनाच्या आधारे प्रौढांच्या जुनाट वेदनेला गांजाने आराम पडतो याचा भरीव पुरावा असल्याचे म्हटले होते. एकीने ‘थोडा तरी परिणाम दिसतो का’ असे विचारले, दुसरीने ‘फायदा हा धोका आणि खर्च यांच्या मानाने पुरेसा आहे का’ असे विचारले. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. शास्त्रज्ञांत एकमत नाही म्हणून विज्ञानच फसवे, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे उदाहरण जरूर ठेवावे.

ज्या कुटुंबांच्या आंदोलनाने नियम बदलला त्यांच्या हाती फारसे लागले नाही. त्यांची मुले घेत होती ती अख्ख्या वनस्पतीची तेले, सीबीडीबरोबर थोडे टीएचसी असलेली. त्यांची नीट चाचणी झालेली नाही, म्हणून सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर ती क्वचितच लिहून देतात. मग खाजगी दवाखाना आणि पदरचा पैसा. आईबाप म्हणतात, आमच्या मुलाचे झटके थांबले, याहून मोठा पुरावा कोणता? डॉक्टर म्हणतात, चाचणी दाखवा. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तरीही हा पेच सोडवण्यात हयगय झाली आहे. एकाच मुलावर काही आठवडे खरे तेल आणि काही आठवडे नकली तेल, कोणालाही न कळता पाळीपाळीने देऊन नोंद ठेवण्याची पद्धत वैद्यकाला ठाऊक आहे. अपस्मारात ती वापरणे जोखमीचे आहे हे खरे, कारण तेल बंद असताना मोठा झटका येऊ शकतो. पण वर्षानुवर्षे महागडे तेल अंदाजाने पाजत राहणेही जोखमीचेच आहे. कायदा बदलला तेव्हाच चाचण्यांचा पैसा मंजूर केला असता तर आज उत्तर हातात असते.

‘विष’ म्हणणाऱ्यांच्या पुराव्याचीही अशीच झडती घ्यायला हवी, आणि तिचाही उत्तम नमुना आपल्याकडेच आहे. गांजाने माणसे वेडी होतात, वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगितले जाई. १८९३ साली सरकारने हिंदुस्थानभर चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि इस्पितळांचे आकडे जसेच्या तसे न घेता त्यांच्या मुळाशी जायचे ठरवले. १८९२ सालच्या १३४४ भरतींपैकी २२२ रोग्यांच्या नावापुढे ‘कारण : गांजा’ अशा धर्तीची नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण तपासले तेव्हा ९८ टिकली, आणि गांजा हेच एकमेव कारण मानता येईल अशी ६१ उरली. बाकीच्या नोंदी कोणी केल्या होत्या? रोग्याला घेऊन येणाऱ्या पोलिसाने. फॉर्मात कारणाचा रकाना होता, तो रिकामा ठेवायचा नव्हता, आणि ‘गांजा’ लिहिणे सोपे होते. गांजा निर्धोक आहे असे मात्र यातून निघत नाही. टीएचसीचे प्रमाण जास्त असलेला गांजा कोवळ्या वयात नित्य घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढलेला दिसतो, हे नंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले आहे. विद्यार्थ्यांना ते सांगताना पोलिसाच्या रकान्याचा आधार घेऊ नये, इतकेच.

भारतात चिठ्ठीवर गांजा मिळतो का, याचे उत्तर झाडाच्या कोणत्या भागाबद्दल बोलतो यावर अवलंबून आहे. १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे, यांवर बंदी घातली. वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाला परवान्याने वाट ठेवली. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया मात्र या व्याख्येत येत नाहीत. पानांची भांग म्हणून राज्यांच्या अखत्यारीत राहिली : काही राज्यांत ती सरकारमान्य दुकानांत मिळते, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बाळगता येत नाही. आयुर्वेदात हीच वनस्पती विजया. औषधविषयक नियमांच्या ज्या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्ये दिली आहेत त्यात धोतरा, बचनाग, कुचला यांच्या पंक्तीला भांग आहे, आणि अशी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. विजयेच्या तेलाच्या बाटल्या वैद्याच्या चिठ्ठीवर विकल्या जातात त्या या वाटेने. धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने तशी ती दिलीही. पण एक किलोच्या आतला गांजा ‘अल्प प्रमाण’ ठरतो म्हणून तो चालतो, हा कॉलेजातला समज साफ चुकीचा आहे. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. लंडनच्या डॉक्टरची चिठ्ठीही मुंबईच्या विमानतळावर परवाना ठरत नाही. परदेशातून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकांनी हे आधी विचारून घ्यावे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले आणि भारताने बाजूने मत दिले, हे खरे आहे. त्याने आपला देशातला कायदा बदललेला नाही.

वाट कायदेशीर आहे म्हणून बाटलीतला माल डेव्हिन्स्कींच्या चाचणीतला ठरत नाही. अपस्माराच्या मुलाचे आईबाप अशी बाटली घेऊन शिक्षकांना विचारायला येतात तेव्हा पहिली गोष्ट सांगायची ती ही, की चालू असलेली गोळी एकदम बंद करू नका. त्याने न थांबणारा झटका येऊन जीव जाऊ शकतो. दुसरी, बाटलीबद्दल मेंदूविकारतज्ज्ञाला सांगा, लपवू नका. क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर रक्ताची तपासणी लागेल. तिसरी गोष्ट म्हणजे साधे त्रैराशिक. समजा, मुलाचे वजन १५ किलो. चाचणीतल्या हिशेबाने त्याला रोज ३०० मिलिग्रॅम सीबीडी लागेल. प्रत्यक्ष उपचारात पुष्कळदा १० मिलिग्रॅम दर किलोवरही भागते, म्हणजे १५०. मान्यताप्राप्त द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज दीड ते तीन मिलिलिटर. आता समजा, आणलेल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिले आहे आणि ‘पाच थेंब दोनदा’ असे सांगितले आहे. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम १७ मिलिग्रॅम पोटात जाईल : चाचणीतल्या मात्रेचा अठरावा हिस्सा. पूर्ण मात्रा द्यायची म्हटली तर बाटली चौथ्या दिवशी संपेल. आणि ते हजार मिलिग्रॅम नेमके कशाचे, सीबीडीचे, टीएचसीचे की नुसत्या अर्काचे, हे त्या लेबलावर शोधून काढायला वर्गाला सांगावे.